'योनी' म्हणजे नेमका कुठला भाग? आणि हा शब्द आला कुठून?

जुनी_वही:
नमस्कार मंडळी. स्त्रियांच्या आरोग्याबद्दलची साधी माहितीपत्रकं मराठीत आणायचं काम सध्या हातात घेतलंय आणि पहिल्याच पानावर अडकलेय. मूळ मजकुरात दोन वेगळे शब्द आहेत, व्हल्वा आणि व्हजायना. व्हल्वा म्हणजे बाहेरून दिसणारा सगळा भाग, मोठे आणि छोटे ओठ, शिश्निका (क्लिटोरिस), लघवीची जागा आणि आत जाणाऱ्या मार्गाचं तोंड. व्हजायना म्हणजे त्या तोंडापासून गर्भाशयाच्या मुखापर्यंत जाणारा स्नायूंचा मार्ग, जो बाहेरून दिसतच नाही. मराठीत मात्र बघावं तिथे दोन्हीला योनी. आकृतीत बाण आतल्या मार्गाकडे दाखवतो आणि खाली लिहिलेलं असतं योनी, लेखात बाहेरच्या त्वचेबद्दल चाललेलं असतं तिथेही योनी, आणि मग ८४ लक्ष योनी, मनुष्ययोनी, भूतयोनी हे तर निराळंच.
तर मला दोन गोष्टी हव्या आहेत. एक, या शब्दाचा मूळ अर्थ काय आणि तो शरीराच्या या भागाला कधी कसा चिकटला. दोन, आज लिहिताना कुठल्या भागाला काय म्हणावं. कृपया मोकळेपणाने लिहा, हा विषय कुजबुजत बोलण्यासारखा नाहीये.

शब्दवेडा:
चांगला धागा. मुळापासून सुरू करतो.
योनि हा शब्द ऋग्वेदाइतका जुना आहे आणि तिथे त्याचा अर्थ बहुतेक ठिकाणी 'जागा' असाच आहे. बसायची जागा, घर, घरटं, अग्नी जिथे ठेवतात ती वेदीवरची जागा. 'ऋतस्य योनि' असा प्रयोग वारंवार येतो, म्हणजे ऋताचं, विश्वाच्या नियमाचं, स्थान. तिथून 'जिथून काही येतं ती जागा' म्हणजे उगम, कारण, आणि मग 'जिथून जीव येतो ती जागा' म्हणजे स्त्रीचं शरीर. परंपरेने धातू सांगतात यु, जोडणे, एकत्र आणणे.
उगम हा अर्थ नंतरही जोरात चालू राहिला. ब्रह्मसूत्रातलं तिसरं सूत्र आहे 'शास्त्रयोनित्वात्', तिथे शरीराचा काही संबंध नाही, शास्त्र हे ज्ञानाचं उगमस्थान एवढंच. मुंडकोपनिषदात ब्रह्माला भूतयोनि म्हटलंय, म्हणजे सगळ्या भूतमात्रांचा उगम, आपण ज्याला भूतयोनी म्हणतो ते नव्हे. ब्रह्मदेव पद्मयोनि कारण कमळातून आला.
८४ लक्ष योनी हाही याच ओळीतला अर्थ, ज्या प्रकारच्या उगमातून जन्म मिळतो तो प्रकार.
अजून एक, लिंगाबद्दल. आपल्याकडे योनी स्त्रीलिंगी. ऋग्वेदात तो बहुतेक पुल्लिंगी आहे. अमरकोशात 'भगं योनिर्द्वयोः' असं दिलंय, त्यातलं द्वयोः म्हणजे योनि हा शब्द दोन्ही लिंगांत चालतो.

कुहू:
वा शब्दवेडा, सुंदर. गीतेत पाचव्या अध्यायात 'ये हि संस्पर्शजा भोगा दुःखयोनय एव ते' आहे ना, लहानपणी पाठांतर करताना त्या दुःखयोनय वर आम्ही मुली अडखळायचो आणि कुणी अर्थ सांगायचं नाही, पुढे चला म्हणायचे. अर्थ किती सरळ आहे, ते भोग दुःखाचा उगम आहेत, बस. चौदाव्या अध्यायातही 'मम योनिर्महद्ब्रह्म' आहे. जो शब्द इतका उघडपणे पाठ करून घेतला तोच शब्द शरीराबद्दल बोलताना तोंडातून काढायचा नाही असं का झालं हे मला अजून पटलेलं नाहीये.

पाटीपेन्सिल:
आयुर्वेदाच्या बाजूने थोडं, कारण जुनी_वही यांचा गोंधळ तिथपर्यंत मागे जातो.
सुश्रुतसंहितेत शारीरस्थानाच्या पाचव्या अध्यायात प्रसिद्ध श्लोक आहे, 'शङ्खनाभ्याकृतिर्योनिस्त्र्यावर्ता सा प्रकीर्तिता, तस्यास्तृतीये त्वावर्ते गर्भशय्या प्रतिष्ठिता'. योनी शंखाच्या नाभीसारखी, तिला तीन आवर्त म्हणजे वळसे, आणि तिसऱ्या वळशात गर्भशय्या. म्हणजे इथे योनी हा बाहेरून आतपर्यंतचा सगळा प्रदेश आहे आणि गर्भाशय तिच्या आत येतं. म्हणूनच योनिव्यापद म्हणून जे २० विकार सांगितलेत (चरकात चिकित्सास्थानाचा ३० वा अध्याय, सुश्रुतात उत्तरतंत्राचा ३८ वा) त्यात सगळंच एकत्र येतं, कोरडेपणा, स्राव, मार्ग अरुंद असणं, अंग खाली उतरणं, मूल न होणं. आजच्या भाषेत त्यातले काही बाहेरच्या भागाचे, काही मार्गाचे, काही गर्भाशयाचे. त्यामुळे योनीचं भाषांतर सरसकट व्हजायना करून हे ग्रंथ वाचले तर चुकीचं वाचलं जातं.
पण म्हणून त्यांना वेगळेपणा कळत नव्हता असं नाही हं. त्याच अध्यायात शरीराची बाहेर उघडणारी नऊ स्रोतं मोजलीत, कान, डोळे, तोंड, नाकपुड्या, गुद आणि मूत्रमार्ग, आणि मग स्त्रियांना आणखी तीन, दोन स्तनांची आणि खाली एक रक्तवह. म्हणजे लघवीची वाट वेगळी आणि पाळीचं रक्त येतं ती वाट वेगळी हे स्वच्छ मोजून सांगितलंय. आज शिकलेल्या लोकांमध्येही दोन्ही एकच आहे असं समजणारे भेटतात.

ओपीडीतून:
स्त्रीरोग बघते, म्हणून लिहिते, कारण हा नुसता भाषेचा प्रश्न नाहीये.
पेशंट सांगते "खाली खाज येते". खाली म्हणजे कुठे? बाहेरच्या त्वचेला खाज असेल तर साबण, वास येणारे वाइप्स, पॅडचं घर्षण, त्वचेचे काही आजार, अशी एक यादी माझ्या डोक्यात येते. आतून खाज आणि दह्याच्या कवडीसारखा पांढरा स्राव असेल तर बुरशीचं इन्फेक्शन ही दुसरी यादी. लघवी करताना आत जळजळ ही तिसरी, आणि लघवी बाहेरच्या सोललेल्या त्वचेला लागून झोंबते ही चौथी. या सगळ्याला एकच शब्द वापरला की तपासल्याशिवाय काही कळत नाही, आणि तपासून घ्यायला सगळ्याजणी तयार नसतात.
मग औषध. एक क्रीम बाहेरून लावायचं असतं आणि एक गोळी आत ठेवायची असते. कागदावर दोन्हीकडे योनी लिहिलेलं असलं की बाई आत ठेवायची गोळी पाण्याबरोबर गिळते किंवा बाहेरच ठेवते, आणि बाहेरचं क्रीम आत घालते. हे खरंच होतं. पत्रक लिहिणाऱ्यांनी कृपया हे लक्षात घ्या.
आणि सगळ्यात मोठा घोळ स्वच्छतेचा. "योनी रोज स्वच्छ धुवा" हे वाक्य अत्यंत धोकादायक आहे. बाहेरचा भाग साध्या पाण्याने धुवावा. आतला मार्ग धुवायचाच नसतो. तिथे लॅक्टोबॅसिलस जातीचे जिवाणू लॅक्टिक आम्ल तयार करतात, त्यामुळे पाळी चालू असण्याच्या वयात तिथला सामू (pH) साधारण ३.८ ते ४.५ राहतो, म्हणजे चांगलाच आम्ल, आणि त्या आम्लात बाकीचे जंतू सहसा वाढत नाहीत. आत पाणी मारलं, साबण किंवा वॉश घातला की ती व्यवस्था मोडते आणि इन्फेक्शन होतं, मग बाई म्हणते मी तर इतकी स्वच्छता ठेवते तरी असं का होतं.

जुनी_वही:
डॉक्टर, मनापासून आभार. माझ्या कच्च्या मजकुरात "योनीची स्वच्छता" असं उपशीर्षक होतं, ते आत्ताच खोडलं.

तिसरी_घंटा:
आता मला इंग्रजी शब्दांबद्दल बोलायचंय, कारण आपण ते शास्त्रीय म्हणून निमूट घेतो. व्हजायना हा लॅटिन शब्द, त्याचा अर्थ म्यान. तलवारीचं म्यान. शरीररचनेची पुस्तकं लॅटिनमध्ये लिहिली जात होती त्या काळात तो रूढ झाला. म्हणजे बाईच्या शरीरातल्या अवयवाचं नाव पुरुषाच्या अवयवाला तिथे काय करायचंय यावरून पडलं. तिच्या दृष्टीने ती पाळीची वाट आहे, बाळाची वाट आहे, तिच्या सुखाचीही जागा आहे. त्यामानाने उगम म्हणणारा आपला शब्द मला खूप जास्त सन्मानाचा वाटतो.
अंडाशयांचंही तेच. सतराव्या शतकापर्यंत युरोपातले शरीरशास्त्रज्ञ त्यांना स्त्रीची वृषणंच म्हणायचे. १६७२ मध्ये रेनियर द ग्राफने त्यांच्यावर सविस्तर लिहिलं आणि बीजांड तिथून येतं हे मांडलं त्यानंतर ओव्हरी हे नाव पक्कं होत गेलं.

शब्दवेडा:
तिसरी_घंटा, सन्मानाबद्दल सहमत, पण लॅटिनच्या बाजूने एक सांगायला हवं. शरीरशास्त्रात व्हजायना हा शब्द नुसत्या 'वेष्टण' या अर्थानेही चालतो, स्नायूंच्या कंडरांभोवतीच्या (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरांभोवतीच्या) आवरणाला आजही लॅटिन नाव 'व्हजायना टेंडिनिस' असंच आहे. आणि व्हॅनिला हा शब्दही तिथलाच, स्पॅनिशमध्ये वायना म्हणजे शेंगेचं टरफल, त्याचं लघुरूप वायनीया, छोटी शेंग. त्यामुळे प्रत्येक वेळी तलवार मनात होती असं नाही.
व्हल्वाची गंमत अजून वेगळी. जुन्या लॅटिनमध्ये व्हल्वा म्हणजे गर्भाशय! आतला शब्द हळूहळू बाहेर आला. म्हणजे कुठला भाग ते नक्की न ठरणं ही फक्त आपल्या भाषेची अडचण नाही.
ग्रीककडे गेलात तर तिथे कोल्पोस. कोल्पोस्कोपी या तपासणीच्या नावात आहे तोच. मूळ अर्थ कुशी, वस्त्राची घडी, आणि समुद्राची खाडी. इंग्रजीतला गल्फ त्याच्यापासूनच आला.

कुहू:
कुशी! आपल्याकडेही कूस म्हणजे शरीराची बाजू, आणि कूस म्हणजे गर्भाशय, कूस उजवली म्हणतो. कुक्षि पासून आलेला ना तो?

शब्दवेडा:
हो कुक्षि वरूनच. आणि गर्भ घ्या. त्यापासून मराठीत गाभा, गाभण, गाभारा, गाभोळी, गाभुळलेली चिंच सुद्धा. ग्रीकमध्ये याचा भाऊबंद आहे डेल्फुस, म्हणजे गर्भाशय, आणि त्यावरून अडेल्फोस म्हणजे भाऊ, एकाच गर्भाशयातून आलेला. संस्कृतात अगदी हाच घाट आहे, सगर्भ्य म्हणजे सख्खा भाऊ. फिलाडेल्फिया या शहराच्या नावात तोच अडेल्फोस बसलाय. विषय थोडा भरकटला, माफ करा, पण हे सांगितल्यावाचून राहवलं नाही.

रानपाखरू:
भरकटू द्या की, वाचतेय.
मला बोलीतल्या शब्दांबद्दल लिहायचंय. ग्रंथातले शब्द आले, डॉक्टरचे आले, पण ज्या बायका हे पत्रक वाचणार त्या काय म्हणतात? गर्भाशयाला पिशवी, पिशवी काढली, पिशवीला सूज आली. गर्भाशय खाली उतरलं की अंग बाहेर आलं, काही ठिकाणी मायांग बाहेर आलं. स्राव किंवा जास्त रक्त जात असेल तर अंगावरून जातं. बाळंतपणाचे तर किती नेमके शब्द आहेत, पाणमोट फुटली, वार पडली, नाळ कापली. वार आणि नाळ यात कोणतीही म्हातारी सुईण गल्लत करणार नाही. म्हणजे ज्या भागाशी काम पडतं त्याला आपल्या बायकांनी नीट स्वतंत्र शब्द केलेत.
पण बाहेरच्या भागाला? तिथे एकतर खाली, नाहीतर जागा, नाहीतर शिवी. मधला, सभ्यपणे उच्चारता येईल असा शब्दच नाही. शिश्निकेला तर बोलीत मी कधीच काही ऐकलेलं नाही. मला हे फार लागतं, कारण ज्याला नाव नाही त्याचं दुखणं सांगायचं कसं. मुलीला कुणी नको तिथे हात लावला तर ती कुठे लावला हे कुठल्या शब्दात सांगणार?

ओपीडीतून:
रानपाखरू, शेवटच्या वाक्याला शंभर वेळा अनुमोदन. लहान मुलांना हात, नाक, गुडघा शिकवतो तसंच हेही नाव शिकवावं. आणि अंग बाहेर येणं हा शब्दही मी तपासल्याशिवाय धरत नाही, कारण कधी गर्भाशय उतरलेलं असतं, कधी पुढच्या बाजूने मूत्राशयाची भिंत फुगून आलेली असते, कधी मागून गुदाशयाची. उपचार वेगवेगळे.

पाटीपेन्सिल:
बाहेरच्या भागाला शब्द आहे की, भग. त्यावरूनच भगोष्ठ, बृहत् भगोष्ठ म्हणजे मोठे ओठ आणि लघु भगोष्ठ म्हणजे छोटे. भगंदर हा आजार सगळ्यांना माहीत आहे, त्यातला भग तोच, सुश्रुताने सांगितलंय की भग, गुद आणि बस्ती (मूत्राशय) या प्रदेशाचं दारण करतो, म्हणजे तो फाडतो, म्हणून भगंदर.

जुनी_वही:
भग माझ्या यादीत होता. पण ज्यांना ज्यांना वाचायला दिलं त्यांनी नाक मुरडलं, कुणी म्हणालं अवघड आहे, कुणी म्हणालं घाण वाटतो.

शब्दवेडा:
घाण? भग चा पहिला अर्थ भाग्य, ऐश्वर्य, वाटा. धातू भज्, वाटणे. आदित्यांपैकी एक देव भग, जो प्रत्येकाला त्याचा वाटा देतो. ज्याच्याकडे भग आहे तो भगवान. सुभगा, सौभाग्य, दुर्भाग्य, अभागी सगळे त्याच घरातले. सौभाग्यवती लिहिताना कुणी नाक मुरडत नाही.

तिसरी_घंटा:
आणि लॅटिनमध्ये याच भागाला काय म्हणत होते माहितीये? पुडेंडम. लाज वाटावी असं. अगदी शब्दशः, पुडेरे म्हणजे लाजणे यावरून. जर्मनमध्ये भगोष्ठांना आजही लाजेचे ओठ अशा अर्थाचा शब्द आहे. २०१९ साली शरीररचनेच्या संज्ञांची आंतरराष्ट्रीय यादी सुधारली तेव्हा कुठे बाहेरच्या भागासाठीचा पुडेंडम काढून व्हल्वा ठेवलं. तिथल्या नसेचं नाव मात्र अजून पुडेंडल नर्व्हच आहे. आपलं गुप्तांग किंवा गुह्यांग हे त्याच वळणाचं, पण निदान ते लपलेलं एवढंच म्हणतं, लाजिरवाणं म्हणत नाही. तरी मी पत्रकात गुप्तांग वापरू नका असंच सांगेन, कारण त्यातून कुठला भाग हे काहीच कळत नाही आणि तो स्त्रीपुरुष दोघांनाही लागतो.

कुहू:
शिश्निका बद्दल कोणी बोललं नाही. हा शब्द म्हणजे छोटं शिश्न, पुन्हा तीच तुलना. आणि ते छोटंही नाही, बाहेर दिसतं ते फक्त टोक, बाकीचा मोठा भाग आत दोन्ही बाजूंना पसरलेला आहे. हेलन ओकॉनेल या ऑस्ट्रेलियन मूत्ररोग शल्यविशारद बाईंनी १९९८ मध्ये ते विच्छेदन करून नीट दाखवून दिलं. तोवर कितीतरी पुस्तकांत तो अवयव अपुरा नाहीतर चुकीचा काढलेला होता. सध्या दुसरा रूढ शब्द नाही म्हणून शिश्निका वापरा, पण सोबत आकृती द्या आणि आतला भागही दाखवा.

पाटीपेन्सिल:
लेखनाचं एक. सुटा शब्द योनी असा दीर्घ, पण समासात पहिला आला की ऱ्हस्व, म्हणजे योनिमार्ग, योनिमुख. योनीमार्ग असं सर्रास दिसतं, पत्रकात तरी नीट जाऊ दे.

जुनी_वही:
सगळ्यांचं वाचून मी असं ठरवतेय. नुसता योनी हा शब्द शरीराच्या कुठल्याही एका भागासाठी वापरायचा नाही. आतल्या मार्गाला कायम योनिमार्ग. त्याच्या बाहेरच्या तोंडाला योनिमुख. बाहेरच्या सगळ्या भागाला भग, आणि पहिल्यांदा येईल तिथे त्याच वाक्यात समजावून, "मांड्यांच्या मधला, बाहेरून दिसणारा आणि हाताला लागणारा भाग म्हणजे भग". गर्भाशयाला गर्भाशय लिहून एकदा पिशवी सांगायचं. गर्भाशयमुख वेगळं, कारण त्याच्या कॅन्सरच्या तपासणीचं पान पुढे आहे आणि तिथे योनिमुखाशी घोळ झाला तर सगळंच फसेल. योनी शब्दाचा जुना अर्थ, उगम, तो एका चौकटीत देईन, मला वाटतं वाचणारीला तो कळायला हवा.
स्वच्छतेच्या पानावरचं वाक्य आता असं आहे: "अंघोळीच्या वेळी भग साध्या पाण्याने हलक्या हाताने स्वच्छ धुवा. योनिमार्गाच्या आत पाणी, साबण किंवा कुठलंही वॉश घालू नका. योनिमार्गातून थोडा पांढरट स्राव येणं नेहमीचं आहे." डॉक्टर, चालेल?

ओपीडीतून:
चालेल, दोन बदल करा. 'स्वच्छ' काढा, नुसतं धुवा म्हणा, नाहीतर बायका घासतात. आणि स्रावाच्या वाक्याला जोडून लिहा की रंग हिरवा-पिवळा झाला, दुर्गंधी आली, खाज सुटली, किंवा पाळी बंद झाल्यानंतरच्या वयात रक्ताचा एक डाग जरी दिसला तरी लगेच डॉक्टरकडे जायचं. तो शेवटचा भाग ठळक अक्षरात.

रानपाखरू:
आणि भगाची आकृती पहिल्या पानावर हवी, मोठी, नावांसकट. बायका आधी चित्र बघतात. छापायच्या आधी इथे टाका, मी आमच्या गटातल्या बायकांना दाखवून कुठला शब्द अडतो ते कळवते.